सुनावणीचं टिपण

वाइमोरेच्या सभागृहात मी चाळीस खुर्च्या मांडल्या.
आले अकरा जण, त्यातला एक चुकून,
त्याला वाटलं आज विणकामाचा वर्ग आहे;
तरी बसला, लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन.

दारावरचा कागद मीच चिकटवला होता:
‘गावच्या निवडणुका कशा घ्याव्यात? तुम्ही सांगा.’
खाली बारीक अक्षरांत:
प्रत्येकी तीन मिनिटं. चहा मिळेल.

बाहेर गमबुटांची रांग, शेण अजून ओलं.
न्यूझीलंडच्या या टोकाला सगळं
सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारांमध्ये बसवावं लागतं,
लोकशाहीसुद्धा.

रंगिमारी पहिली उठली. म्हणाली,
मतपत्रिका टपालानं येते, ठीक,
पण टपालपेटी तुम्ही दोन वर्षांपूर्वी उचलून नेली.
आता जवळची म्हणजे पस्तीस किलोमीटर,
आणि नदी फुगली की तीही नाही.
आमच्याकडे मतं फ्रिजवर राहतात, चुंबकाखाली,
दाताच्या डॉक्टरच्या तारखेशेजारी.
मी लिहून घेतलं. चुंबकही लिहिलं,
मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

रोमेल, गोठ्यावरचा, मनिलाचा नव्हे, तिच्या दक्षिणेकडच्या बेटावरचा
(हे दुरुस्त करण्यात त्याची बावीस सेकंदं गेली),
म्हणाला, सहा वर्षं राहतोय, कर भरतोय,
मला इथं मत आहे, हे मला
दूध न्यायला येणाऱ्या टँकरवाल्यानं सांगितलं.
तुम्ही का नाही?
अध्यक्षांनी चष्मा पुसला. स्वच्छच होता.

विणकामवाल्यालाही मग राहवेना.
नावं अक्षरक्रमानं का छापता?
माझं आडनाव यंग. जन्मभर तळाला.
सुया थांबल्या नाहीत त्याच्या.

चौथा मर्व्हिन हॅगर्टी.
उभा राहिला, टोपी हातात.
मी घड्याळाची कळ दाबली.
एक मिनिट तो काहीच बोलला नाही.
दुसऱ्या मिनिटात छपराच्या पत्र्यावरून
एक पक्षी चालत गेला, नखं ऐकू आली.
टिपणात गप्प राहणं कसं लिहितात
हे मला प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

मागे, चहाच्या खिडकीत, नोएलीन कप लावत होती.
त्याची बायको. मागच्या खेपेला उभी होती.
आठवतं सगळ्यांना: दोघांना सारखीच मतं,
दोनशे सात, दोनशे सात,
मग बिस्किटांच्या डब्यात दोन चिठ्ठ्या,
आणि डोळे मिटून हात घालणारी मी.

दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर मर्व्हिन म्हणाला,
“माझा लिफाफा गाडीतच राहिला होता.
खणात, पान्याखाली.
उद्या टाकू, उद्या टाकू म्हणत होतो.
अजून तिथंच आहे.”

कपांचा आवाज थांबला.
कुणी मान वळवली नाही.
या गावात इतक्या एकमतानं
आजवर काही झालं नसेल.

“सूचना?” अध्यक्षांनी विचारलं, हळूच,
छापील रकाना रिकामा राहू नये म्हणून.
“पेटी परत बसवा,” तो म्हणाला.
मग टोपीची कड चाचपत,
“किंवा राहू द्या. पेटीचा काय दोष.”

घंटी वाजली. बंद करायची मी विसरले,
ती वाजतच राहिली.

नंतर चहा.
नोएलीननं त्याच्यासमोर कप धरला
आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं,
“साखर किती?”

खुर्च्या मी एकटीनंच आवरल्या.
एकोणतीस कोऱ्या, अकरा बसलेल्या,
रचल्यावर फरक कळत नाही.
लेखी सूचना महिनाअखेरपर्यंत घेतो आम्ही,
म्हणून दारावरचा कागद तसाच ठेवलाय.
माझीही एक आहे, त्या डब्याबद्दल.
लिहायची आहे.
उद्या लिहीन.