डावीकडे कललेला फवारा

पहाटे पाचला उठतो मी अजून.
पाव, चीजचा तुकडा, थर्मासात कॉफी,
काळ्या दगडांच्या कुंपणांमधून, द्राक्षाच्या वेलींमधून
पिकू बेटाची ही चढण.
वर पांढरी खोली. भिंतीला एक आडवी फट
आणि बाकडं. त्यावर माझ्या आधीच्या टेहळ्याच्या
बुडाचा खळगा,
आता माझ्या मापाचा.

दुर्बीण तीच, जर्मन.
एका भिंगाला तडा आहे,
म्हणून माझा समुद्र पहिल्यापासून दोन तुकड्यांचा.

फवारा ओळखायचा असतो.
सरळ वर गेला तर सोडून द्या, तो दुसरा कुणी.
पुढे झुकून डावीकडे कलला,
वाऱ्याने नव्हे, स्वतःच्या मर्जीने,
तर तोच, दातांचा देवमासा.
देव नव्हता तेव्हा. तेल होता.

दिसला की मी दारूचा बाण सोडायचो आकाशात
आणि खाली गाव पालथं.
न्हावी अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक टाकून पळे.
एकदा तर नवरदेवच पळाला,
अंगठी खिशात, हात वल्ह्यावर.
नवरी चिडली नाही. तिच्या आईने मुकाट
कढया घासायला काढल्या.
सात माणसं होडीत. आठवा मी, इथे वर,
पांढऱ्या चादरी पसरून दिशा सांगणारा,
हात न लावता मारणारा.

मोजले नाहीत कधी.
खोटं. मोजले.
खिळ्याने रेघा ओढल्या ह्याच भिंतीवर.
त्यावर चुन्याचे चार हात बसलेत,
पण बोट फिरवलं की लागतात.

माझ्या भावाची, लाउरियानुची, दोन बोटं
सुटत्या दोराबरोबर गेली.
उरलेली आठ घेऊन तो अमेरिकेत
गालिच्यांच्या कारखान्यात लागला.
पत्रात विचारायचा,
तू अजून बघतच बसतोस का रे?

तेलाचा कारखाना बंद पडला
तेव्हा नाही बसलो. दुर्बीण बटाट्यांच्या पेटीत टाकली,
समुद्राकडे पाठ करून गाई चारल्या.
मग एक दिवस रबरी बोटवाला एकजण आला,
म्हणाला, ते कुठे वर येतात, तुम्हाला ठाऊक आहे म्हणे.
पैसे किती, मी विचारलं.
आधी हेच विचारलं. लपवत नाही.

आता वायरलेसवर सांगतो.
तेच कोन. तीच वाट,
बुडी मारली की पाऊण तास.
खाली केशरी जाकिटांतले लोक
शेपटी वर आली की टाळ्या वाजवतात.
दर फेरीला एखादी बाई रडते म्हणे.
पूर्वीही रडायच्या बाया, धक्क्यावर.
त्यांना तिकीट नव्हतं.

संध्याकाळी ब्रितेश येते, विद्यापीठातली पोर,
शेपट्यांचे फोटो घेऊन. प्रत्येकीला आकडा.
"ही एकशे सात. साठीची तरी असेल, आजोबा.
पाठीवर जुना वण आहे बघा. कशाचा असेल?"

भिंग लावून पाहिलं.
वण ओळखीचा होता असं म्हणणार नाही,
वण सगळे सारखेच.
पण लोखंडाचा होता,
आणि बेटाच्या ह्या अंगाला
लोखंडाला वाट दाखवणारा मी एकटाच होतो.

"खडकाचा," म्हणालो.
तिने लिहून घेतलं, खडक.

आज सकाळी ती वर आली,
कुशीला पिल्लू. फवारा डावीकडे.
किती वेळ श्वास घेत पडून होती,
घाई नसलेल्या बाईसारखी.
वायरलेस हातात होता.
कळवायचेच तर पैसे घेतो. कळवलं.
फक्त अंतर एक मैल जास्त सांगितलं.

बोटी गेल्या, फिरल्या, रिकामं पाणी पाहून आल्या.
"पहिल्यांदाच चुकलात, एवारिश्तु," बोटवाला म्हणाला,
"वय झालं."
हो म्हटलं. झालं.