नाव सांगणारी

हेरंब चौबळांना बर्च हवे होते.
पाच. रांगेत नकोत,
उपसालाच्या टेकडीवर आपापल्या मनाने उभे असतात तसे.
मी वहीत लिहिलं: पांढरी खोडं पाच,
राखाडी खडी, रंग न दिलेलं एक बाक,
गवत. कापायचं नाही.
जागा ओवळ्याला, घोडबंदर रोडच्या आत,
चाळीस फूट बाय बावीस,
पश्चिमेला शेजाऱ्यांचा टँकर उभा.

"मोकळं ठेवा," ते म्हणाले, "तिकडे म्हणतात लागोम."
म्हणजे बेताचं, मी म्हटलं.
ते थांबले.
आई हा शब्द मिठाला वापरायची, म्हणाले.

बर्च इथे जगत नाही
हे मी तीन बैठका बोलले नाही.
फी आगाऊ घेतली होती.

चौथ्या बैठकीला त्यांनी आईचे तक्ते काढले.
सिंधू चौबळ, वनस्पतिशास्त्र.
निवृत्त होताना कॉलेजला नको होते
म्हणून रिक्षातून घरी आणलेले एकशे बारा.
दाबून वाळवलेली पानं, दोऱ्याने टाचलेली,
डांबरगोळीचा वास, कसरीने खाल्लेले कोपरे.
खाली उजवीकडे शाईत
लॅटिन नाव, मराठी नाव, ठिकाण, तारीख,
आणि एक ओळ, जी मी दुसऱ्या कुणाच्या तक्त्यावर
कधी पाहिली नव्हती:
नाव कोणी सांगितलं.

तक्ता एकोणसत्तर. पंजासारखं पान,
कागदात मावेना म्हणून दुमडलेलं.
कांडोळ. येऊर, पाटोणपाड्याच्या वर. फेब्रुवारी १९७४.
खोड पांढरं, साल कागदासारखी सुटते,
रात्री दुरून दिसतं म्हणून भुत्याही म्हणतात.
सांगणारी: लाडकू बरफ, वय अंदाजे नऊ.

"बरफ?" हेरंब म्हणाले.
अकरा हिवाळे त्यांनी दारातला बर्फ उपसला होता.

रविवारी मी वर गेले.
लाडकूबाई दुधाच्या पिशव्यांत रोपं करतात,
कुडा, पांगारा, कुणी मागितलं तर जास्वंद.
फोनवरचा फोटो त्यांनी लांब धरून पाहिला,
पान पाहिलं, नाव नाही.
"उलटं चिकटवलंय. पोट वर आलंय."
बाई आठवतात?
"चष्मा होता. लिहून झालं की
मलाच वाचून दाखवायची,
बरोबर का गं?
शाळेत कुणी असं विचारलं नाय."

पाच हवीत, मी म्हटलं.
"त्याला खडक लागतो. खडक हाय?"
खडी आहे.
त्या हसल्या. दोनच दिली.
फळाची लव अंगाला लागू देऊ नका,
पाणी जास्त घालू नका,
उन्हाळ्यात उघडं पडलं तर मेलं समजू नका.
आणि पांढरं कधी होईल?
"होईल की. लई घाई असंल तर चुना लाव."

मी फीचा विचार करत घाट उतरले.

आता ओवळ्यात खडीमध्ये दोन काटक्या आहेत,
गुडघ्याइतक्या, मातकट.
सोसायटीच्या सेक्रेटरींना आम्ही कांडोळ एवढंच सांगितलं,
भुत्या नाही.
बाक टँकरकडे पाठ करून ठेवलं.
पाटीवर तीन ओळी कोरायच्या ठरल्या;
लॅटिन राहिलं तरी चालेल, हेरंब म्हणाले,
तिसरी ओळ ठेवा.

कोरणाऱ्याने फोन केला काल:
बाई, वय नऊच लिहू का?