हलकं वांगं

बामणोदच्या बाजारात कौतिकआत्या
वांगं आधी तळहातावर ठेवते,
डोळे मिटते,
जणू कुणाचा ताप बघतेय.
"जड म्हंजे बियाचं. हलकं पाह्य भो,
भरताले तेच गोड."
देठ सुकलेला दिसला
तर विकणाऱ्याच्या तोंडाकडे नुसती बघत राहते.
त्या न बोलण्यानेच
किलोमागे पाच रुपये उतरतात.

त्याच आत्याने मागच्या महिन्यात
तांब्याच्या सहा भांड्यांचा संच मागवला,
नऊशे नव्व्याण्णवला.
फोटोत भांडी लखलखत होती
आणि खाली लाल घड्याळ उलटं पळत होतं,
चार मिनिटं, तीन मिनिटं...
असं घड्याळ तिच्यापुढे
कुठल्या भाजीवाल्याने कधी धरलं नव्हतं.

खोकं मीच नेलं.
सावदा, फैजपूर, बामणोद, पाडळसे,
दिवसाला साठ खोकी,
आत काय ते मला कुणी सांगत नाही.
पण हातांना थोडं कळतं.
तांबं इतकं गप्प नसतं.

हे ओट्यावर बोलायला हवं होतं,
ती नोटा मोजत होती तेव्हा.
मी सही मागितली.

आत गुजराती पेपरचे बोळे
आणि बोळ्यांच्या मधोमध
एक प्लास्टिकचा तांब्या. हिरवा.

दुसऱ्या दिवशी शेजारी भारंब्यांकडे
चपलांचं खोकं द्यायला गेलो
तर आत्या ओट्यावर, फोन कानाला.
तक्रारीचा नंबर तिने फोनमध्येच शोधला होता,
जो सर्वात वर दिसला तोच लावला होता.
पलीकडचा आवाज साखरेत घोळलेला,
पैसे परत देतो ताई,
आत्ता आलेले सहा आकडे तेवढे वाचा.

"चार... शून्य... सात..."

काय ओरडावं ते सुचेना.
बँक, पोलीस, फसवणूक,
सगळे शब्द घशात अडकले
आणि बाहेर पडलं ते हेच,
"आत्या, जड हाये ते! बियाचं हाये!"

तिने माझ्याकडे पाहिलं.
मग फोनकडे पाहिलं,
देठ सुकलेल्या वांग्याकडे पाहते तसं.
आणि बोलणं थांबवलं.

आवाज आधी ताई म्हणाला, मग मॅडम,
मग खातं बंद होईल म्हणाला,
मग त्याच्या तोंडून जे निघालं
ते भारंब्यांच्या पोरांनीही ऐकलं.
आत्या गप्पच.
शेवटी त्यानेच ठेवला.

नऊशे नव्व्याण्णव काही परत आले नाहीत.
एकोणीसशे तीस हा नंबर
तिने कॅलेंडरवर गॅसच्या तारखेशेजारी लिहून घेतला.
अजूनही मागवते अधूनमधून,
पण पळतं घड्याळ दिसलं की
फोन पालथा घालून भाकरी थापायला बसते.

आणि मी, खोकं वेगळं वाजलं
तर आता सहीआधी सांगतो.
मालक ओरडतो. ओरडू दे.

परवा दुपारी ऊन लागून तिच्या ओट्यावर टेकलो.
तिने हिरवा तांब्या भरून पुढे केला.
"पी भो," म्हणाली,
"नऊशे नव्व्याण्णवचं पानी हाये."