नुसतं वजन

बावीस वर्षं या छपराखाली काढली,
वर कधी गेले नाही.
हार्लोमधलं घर, डोक्यावरून इस्त्री फिरवल्यासारखं.
उतार नाही, म्हणून पाऊसही उतरायची घाई करत नाही.
आठवडाभर तळं करून बसतो
आणि खाली मी, पातेलं घेऊन.

तर ग्लिन आला. वेल्सचा. शिडी लावली,
टाचेनं छप्पर वाजवून बघितलं,
आपण कलिंगड वाजवतो तसं,
आणि म्हणाला, भोक एकही पाडणार नाही.
खिळा नाही, स्क्रू नाही.
मग वाऱ्यानं उडायचं नाही का सगळं?
वजन ठेवायचं, म्हणाला. नुसतं वजन.

काँक्रीटचे ठोकळे अठ्ठेचाळीस.
शॅनन नावाची पोर, कानावर पेन्सिल,
एकेक खांद्यावरून वर नेत होती.
चहाचं विचारलं तर म्हणाली, साखर तीन.

पॅनल बारा. दक्षिणेकडे तोंड, किंचित कललेली.
कुमुदवन्संना फोनवर सांगितलं.
"दक्षिणेला? अगं, तिकडे पाय करून आपण झोपतसुद्धा नाही."
"पाय नाहीत हो वन्सं, तोंड."
"मग पाय कुठे?"
हे काही मी ग्लिनला विचारलं नव्हतं.

दुपारी शॅननने दोरीनं बादली खाली सोडली.
"हे तुमचं असेल."
शेवाळ. कोंबडीचं एक हाड, कुठल्याशा पक्ष्यानं आणून टाकलेलं.
आणि बॅडमिंटनची फुलं, सात.
पिसं काळी पडलेली, बूच मात्र शाबूत.
दर उन्हाळ्यात निनाद दारात येऊन सांगायचा, आई, हरवलं,
आणि दर वेळी मी, तुला काही म्हणता काही जपता येत नाही.
इथेच होती. माझ्या डोक्यावर.
फोटो काढून पाठवला त्याला.
तासाभरानं उत्तर आलं:
आई, हे मेलेले पक्षी कुणाचे?

तीन वाजता बटण दाबलं. नोव्हेंबर.
स्वयंपाकघरातल्या इवल्या पडद्यावर आकडा उमटला, दोनशे दहा.
केटलला लागतात तीन हजार.
ग्लिन जरा ओशाळला. जूनमध्ये बघा, म्हणाला.
ते गेल्यावर मी घरातलं सगळं बंद केलं,
ओट्यावरचा दिवा तेवढा ठेवला
आणि त्या उजेडात कांदा चिरला.
झोंबायचा तेवढा झोंबलाच.

चारच्या सुमाराला पडद्यावर शून्य.

रात्री वारा सुटला. अंथरुणात पडून कान वर लावले.
पत्र्याची खडखड नाही, काही सरकलं नाही,
अठ्ठेचाळीस ठोकळे आपापल्या जागी गप्प.
सकाळी खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर
वाळत ठेवलेली फुलं मोजली.
सहा.