दर दहा मिनिटांनी

रात्रीचे पावणेअकरा. ताथवड्याच्या पुढची शेड.
सहा शेळ्या, सहा गळ्यांना चिकटवलेल्या नळ्या,
माझ्या मनगटावर बाबांचं चावीचं घड्याळ,
कारण मोबाइलचा उजेड आत चालत नाही.
एक लाल बल्ब तेवढा.

तीन मिलीलिटर रक्त. नळीवर नंबर. बर्फ.
मग काहीच नाही.
मग पुन्हा.

सतरा नंबर, उस्मानाबादी, काळी, एका कानावर पांढरा शिंतोडा,
रवंथ करत माझ्याकडे बघते.
तिच्या डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी
हरभऱ्याएवढी ग्रंथी देठाला लोंबलेली,
आणि तिच्या वर मूठभर पेशी,
टँकरपाशी जमलेल्या बायांसारख्या
सगळ्या एकदम बोलतात, एकदम गप्प होतात.
दर बोलण्याला काहीतरी पाझरतं,
थेंब म्हणणंही जास्त होईल.
ग्रंथी ऐकते. रक्तात लाट उठते,
ओसरते. तासाभराने दुसरी.
ती मला पकडायचीय, सुईच्या टोकावर.

गेल्या साली आम्ही घाई केली.
पंप लावून तोच रस अखंड चालू ठेवला.
आठवडाभरात ग्रंथी बहिरी झाली, बीजकोश मिटून बसले.
रिसबूड सर म्हणाले,
बेल दाबूनच धरली तर दार कोण उघडेल?

हिंजवडीच्या बाजूला काचा रात्रभर पेटलेल्या.
आम्ही ताडपत्री लावली, दुहेरी,
तरी फटीतून एक पट्टा गव्हाणीवर येतोच.
इकडे दिवस मुळात फारसा लांबत नाही,
ज्येष्ठ आणि पौष यांत दोन तासांचं अंतर.
तेवढ्यावर मेंदूने ऋतू ओळखायचा,
अंधार किती वेळ टिकला, एवढं मोजून.
आणि अंधार तर असा.

धुळा देवकाते दाराशी घोंगडीत.
नऊ वर्षं झाली नोकरीला,
त्याआधी सुप्यापासून नीरेपर्यंत मेंढरांमागे.
म्हणतो, आमच्या मेंढीला काय दिवस मोजता,
पोटात पाला पडला, मेंढा आला, झालं.
मग नाक वर करून:
"म्याडम, बोकड कुणी बांधलाय वाऱ्याच्या अंगाला?
तुमची गणती इस्कटंल."
चारशे फूट लांब आहे, मी म्हणाले.
"मला सांगू नगा. तिला इचारा."

दोन चाळीसला वारा फिरला.
मला कसलाच वास आला नाही.
सतरा नंबरने मान उचलली. जबडा थांबला.

(कागद आठ दिवसांनी आला.
दोन पंचावन्नच्या नळीत
शांत रेघेवर एक सुळका.
धुळाला दाखवला तर तो म्हणाला, हे काय, डोंगर?
आणि चहा ठेवायला गेला.)

पहाटे दोनशे सोळा नळ्या मोजून बर्फात.
शेळीने माझी बाही चघळलेली.
स्कूटीवर वाकडपर्यंत बोटं बधिर.

घरी फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात
हिरव्या टोपणाची बाटली आहे.
तिच्यावरचं नाव मी रात्रभर वहीत लिहीत होते,
इथे पुढे दोन अक्षरं जास्त.
बारावा दिवस. कर्वे रोडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
वेळ चुकवू नका.

हेरंब कापूस घेऊन उभा, अजून तोंड फिरवूनच टोचतो.
"टोचू?"
मी कुर्ता वर धरते. शेणाचा वास येतोय, तो काही बोलत नाही.
सवयीने घड्याळ बघते.
थांब, म्हणते.
अजून चार मिनिटं आहेत.