नोंदणी न केलेली प्रत

खामल्याच्या घरी बाबांची दोन वाहनं होती.
एक चौसष्ट सालची स्टँडर्ड हेरल्ड,
बॉनेट अख्खं पुढे कलंडून उघडणारी.
दुसरं फोर-एटी-सिक्स,
त्याचंही झाकण कधी लावलेलं आठवत नाही.
मे महिन्यात दोघांना एकच आजार:
तापायचं आणि गपकन बंद पडायचं.
बाबा कूलर ओढत आधी एकीकडे न्यायचे, मग दुसरीकडे.
आम्ही ओल्या चादरीवर.

वीज मंडळात दिवसभर बिलं काढून आल्यावर
रात्री ते पास्कलमध्ये लिहायचे:
पॉइंटची फट किती, प्लग कधी बदलला,
कोणत्या गावात कोणाकडे
कोणता पार्ट धूळ खात पडलाय.
नाव ठेवलं 'गॅरेजवही'.
फ्लॉपी, पाकीट, आत पुठ्ठा,
वर लाल शाईनं 'वाकवू नये',
आणि पोस्टमन टेंभुर्णे ते वाकवूनच न्यायचा.

तीस दिवस फुकट,
आणि तीस झाल्यावरही फुकटच.
फक्त वही उघडली की दर वेळी निळ्या पडद्यावर
इंग्रजी अक्षरांत आपली बोली उमटायची:
"भाऊ, वही कामी येऊन राह्यली असन
तर दीडशे रुपये धाडून द्या.
नसन जमत, तर राहू द्या."
खाली दोन चौकोन.
डावीकडे 'धाडतो', उजवीकडे 'नंतर'.
कुलूप नव्हतंच.
मी विचारलं होतं, मग लोक पैसे काऊन देतील?
बाबा म्हणाले, हेरल्डला तरी कुठं नीट कुलूप आहे.

अकरा मनीऑर्डरी आल्या.
जमशेदपूरच्या कुणा बागचींनी पैसे नाही धाडले;
लाकडी खोक्यात, भुशात पुरून
सोलेक्सचा कार्बोरेटर धाडला.
चिठ्ठीत एवढंच: माझी गाडी गेली, तुमची चालू दे.
बाबांनी त्यांना बारावे धरलं.
आई म्हणाली, बारा धरा की बावीस,
फ्लॉपींचा खर्च निघत नाही.
हिशेब आईचाच बरोबर होता.

हिवाळ्यात एका रविवारी
सेमिनरी हिल्सच्या चढाखाली सगळे जमायचे,
गंगोत्रे वकिलांची मॉरिस, कोहलींची हिलमन,
मोमिनपुऱ्याहून शफी मिस्त्री, पान्यांची पिशवी घेऊन.
ज्याची गाडी चढली नाही
त्यानं सगळ्यांना तर्री-पोहे खिलवायचे.
वर्षानुवर्षं आम्हीच खिलवले.

बाबांना जाऊन दोन उन्हाळे झाले.
परवा वर्धा रोडचा एक जण आला, हेरल्ड मागत;
हॉटेलच्या दाराशी उभी करायचीय म्हणे,
सीटवर कुंड्या ठेवून.
शफी मिस्त्री म्हणाले, बेटा, आधी एकदा सुरू करून पाहू.
गाडीची बॅटरी मेलेली.
शेवटचं काम काय केलं ते वहीत असेल,
म्हणून मी तो डबा चालू केला.
त्याच्या पोटातला सेलही मेलेला;
त्याच्या लेखी आज
एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

वही उघडली.
"ही प्रत नोंदणी केलेली नाही."

म्हणजे बाबांनी स्वतःची वही कधी विकत घेतलीच नव्हती.
रोज सकाळी चहाच्या आधी
स्वतःकडेच दीडशे रुपये मागायचे,
आणि रोज 'नंतर' दाबायचे.

त्याच्याखाली, तारखेच्या त्या घोळात,
यंत्रानं इमानदारीत वजाबाकी करून ठेवलेली:
"फुकट वापराचे ६३६२ दिवस बाकी आहेत."

शफी मिस्त्री चष्मा कपाळावर चढवून
बोट फिरवत वाचत राहिले.
"सतरा साल," ते म्हणाले. "बहुत है."
मग बॉनेटखाली गेले
आणि बागचींच्या कार्बोरेटरवर रॉकेल सोडू लागले.

फोन वाजत होता, वर्धा रोडचा.
मी सवयीनं माउस शोधला; तो कधी नव्हताच.
बाणाची कळ, एकदा उजवीकडे.
एंटर.