आला तेव्हा : २७६०

मे महिन्यात बेल्ट वितळतात.
झाकण उघडलं की रबराच्या जागी डांबर,
बोटाला लागलं तर दोन दिवस जात नाही,
कणीक मळतानाही दिसत राहतं.
सीताबर्डीत जिन्याखाली माझं दुकान,
कूलरचं तोंड भिंतीकडे वळवलेलं,
कारण एक स्प्रिंग उडाली
की संध्याकाळ गेली.

दादारावजी मोटघरे भर दुपारी आले.
बाहेर पंचेचाळीस,
आणि डोक्याचा दुपट्टा त्यांनी
रेकॉर्डरला गुंडाळला होता.

आधी वहीत लिहायचं, मग स्क्रू-ड्रायव्हर धरायचा,
ही बाबांची शिस्त.
टेस्ट कॅसेटवरची शिट्टी तीन हजारांची,
काउंटरवर आकडा आला २७६०.
बेल्ट सैल असेल म्हणून नवा घातला.
२७६१.
मोटरच्या पाठीत बारीक छिद्र असतं,
त्यातल्या स्क्रूवर कंपनीचा लाल लाखेचा ठिपका
अजून अभंग.
म्हणजे हे मशीन आलं तेच हळू.

लाख फोडली. स्क्रू केसभर फिरवला,
पुन्हा अर्धा केस मागे.
शिट्टी तीन हजारांवर येऊन थोडी थरथरली, थांबली.
मग हेड स्वच्छ केलं, त्याचा कोन जुळवला,
'स' आणि 'श' वेगळे ऐकू येईपर्यंत.

त्यांची कॅसेट लावली.
"महोदय, आपल्या दिनांक नऊच्या पत्राच्या संदर्भात..."
लघुलेखनाचे बोकडे सर, महालातला क्लास,
हाती घड्याळ धरून भरलेली, मिनिटाला शंभर शब्द.
दादारावजी स्टुलावर बसले,
माझी पेन्सिल घेतली, बिलबुक उलटं केलं,
आणि चौथ्या वाक्याला मागे पडले.

"मशीन धावून राहिलं, बाई.
सर अशी घाई नव्हते करत.
आन् आवाज? सरांचा आवाज जड होता,
हे तं एखादं पोरगं बोलून राहिलं."

"सर तेव्हा किती वर्षांचे होते?"

त्यांनी वर पाहिलं, पंख्याकडे.
"सव्वीस असतील. सत्तावीस.
लग्न व्हायचं होतं त्यायचं."

मी काही बोलले नाही.
वही मात्र उघडीच होती.
आयुष्य त्यांनी ट्रेझरीत दुसऱ्यांची बिलं तपासण्यात घालवलेलं,
उलटा आकडाही त्यांना सरळ वाचता येतो.
ओठ हलले.
"तीन हजाराले दोन हजार सातशे साठ...
शंभराले ब्याण्णव."

कूलरमधून पाणी ठिबकत होतं.

"शंभराची परीक्षा मी तीनदा दिली, बाई.
घरी एक शब्द सुटत नव्हता.
हॉलमध्ये बसलो की समोरचा माणूस
पिसाटल्यासारखा वाचायचा.
मले वाटे, मीच घाबरतो.
बायकोनं ताईत बांधला होता."

मग ते हसले.
मला वाटलं होतं, दुसरंच काही होईल.

"पाहिजे तर मागच्या जागी नेऊन ठेवते," मी म्हटलं,
"एक चतुर्थांश फेराही लागत नाही."
नेलपॉलिशची बाटली उघडलेली होती,
ठिपका अजून लावायचा होता.

त्यांनी कॅसेट स्वतः मागे गुंडाळली,
बटणावर बोट ठेवून बसले,
एकाहत्तर वर्षांचा माणूस,
समोर सव्वीस वर्षांचा मास्तर.

"राहू दे तिथंच.
पुन्हा लाव."

साडेआठला शटर अर्धं ओढलं
तेव्हा पाचव्यांदा चालू होतं.
पैसे देऊन गेले, टॉर्च विसरून गेले.

बिलबुकाची ती पानं मी फाडलेली नाहीत.
जाड रेघा, बारीक रेघा, ठिपके,
मला एक अक्षर कळत नाही.
मधल्या रिकाम्या जागा तेवढ्या मोजता येतात :
पहिल्या पानावर चौदा,
शेवटच्या पानावर सहा.